शेमेकिया कोपलँड: बापाची पुण्याई की स्वतःचा गळा?

तारसप्तक:
काल रात्रभर अमेरिकन ब्लूज गायिका शेमेकिया कोपलँड ऐकली. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखातून, कष्टातून आलेलं गाणं. टेक्सस ब्लूजवाल्या जॉनी कोपलँडची लेक, जन्म १९७९, न्यूयॉर्कचं हार्लेम. आठ वर्षांची असताना बापाने कॉटन क्लबच्या स्टेजवर चढवली, सोळाव्या वर्षी त्याच्या कार्यक्रमांत त्याच्या आधी गायला लागली. १९९७ साली तो गेला आणि पुढच्याच वर्षी शिकागोच्या अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्सने तिचा पहिला अल्बम काढला. गळा दणकट आहे, वादच नाही. पण इतकं आयतं ताट मिळालेल्या माणसाने ब्लूज गायचा? वर जवळजवळ प्रत्येक अल्बमात बाबांचं एक गाणं असतंच. मला ती श्रद्धांजली कमी आणि कुबडी जास्त वाटते. या आता, धुवा मला.

मुळारंभ:
आयतं ताट? जॉनीचं हृदय निकामी होत चाललं होतं, तरी तो दौरे करत होता. तिला वाटायचं, आपण आधी गाऊन बाबांचा भार हलका करतोय. खरं तर तोच तिच्यासाठी फिरत होता, लोकांना पोरीची ओळख व्हावी म्हणून. हे तिला फार उशिरा उमगलं, मुलाखतींत तिनेच सांगितलंय. जानेवारी १९९७ मध्ये हृदयाचं प्रत्यारोपण झालं, जुलैत तो गेला. ती अठरा वर्षांची होती हो!

खवट खोबरं:
मुद्दा दुःखाचा नाही, दाराचा आहे. हार्लेमच्या चर्चमध्ये तशाच गळ्याच्या आणखी मुली गात असतील. त्यांना आठव्या वर्षी स्टेज कोण देणार? त्यात ही गिटार वाजवत नाही, आणि गाणी बरीचशी तिचा मॅनेजर जॉन हान लिहितो.

मुळारंभ:
गिटार जुन्या जमान्यातल्या थोर ब्लूज गायिका बेसी स्मिथच्याही हातात नसायची. आणि २०२० च्या अल्बमातलं क्लोटिल्डावरचं गाणं ऐका, अमेरिकेत गुलाम आणणारं शेवटचं जहाज. ते काही बापाच्या पेटाऱ्यातून आलेलं नाही.

तळ्यात मळ्यात:
जॉनी काय बी. बी. किंगसारखा ब्लूजचा बादशहा होता का? ग्रॅमी मिळाली तीही अल्बर्ट कॉलिन्स आणि रॉबर्ट क्रेबरोबर तिघांत. त्या नावावर दारं उघडून उघडणार किती? आपल्याकडे मोगूबाईंच्या किशोरीताईंना कोणी असं विचारतं का?

खवट खोबरं:
तिथे आईने तालीम दिली. इथे बापाने ऐकणारे दिले. फरक आहे. आणि २०११ ला शिकागो ब्लूज फेस्टिव्हलमध्ये 'ब्लूजची राणी' म्हणवल्या जाणाऱ्या कोको टेलरचा मुकुट हिला घातला कोणी? कोकोच्या मुलीने. सगळा लेकींचा कारभार :)

मुळारंभ:
अहो, पण आईचा मुकुट तिने स्वतःच्या डोक्यावर नाही ठेवला, परक्या घरच्या पोरीला दिला. तुमचाच मुद्दा तुम्ही पाडलात.

तारसप्तक:
क्लोटिल्डा आत्ता ऐकलं. कुबडी हा शब्द मागे घेतो. दर अल्बमाला बाबांचं एक, हा हट्ट मात्र अजून पटत नाही. तीन अल्बमांत एक चाललं असतं.