तीव्र लेसर आणि अ‍ॅटोसेकंद स्पंद : कालावधी नेमका कुठे घटतो?

जिज्ञासू : ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचे एक आवर्तन सुमारे २.७ फेम्टोसेकंदांचे (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) असते आणि स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, एका आवर्तनाहून फारसा आखूड करता येत नाही, हे समजते. मग हाच प्रकाश वायूवर केंद्रित केल्यावर काहीशे अ‍ॅटोसेकंदांचे स्पंद (अ‍ॅटोसेकंद म्हणजे फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) कसे मिळतात? तीव्रता वाढवली तर ऊर्जा वाढावी. कालावधी का घटावा?

तरंगयात्री : लेसरचा स्पंद आहे तेवढाच राहतो, आखूड असतो तो वायूतून निघणारा नवा प्रकाश. चौरस सेंटिमीटरला दोनशे लाख कोटी वॅट इतक्या तीव्रतेला लेसरचे विद्युतक्षेत्र अणूच्या स्वतःच्या क्षेत्राशी झोंबू लागते, आणि त्याच्या शिखराच्या आसपास इलेक्ट्रॉन अणूतून निसटतो. पुढे क्षेत्राची दिशा उलटली की दूर गेलेला हा इलेक्ट्रॉन मागे खेचला जातो आणि निसटल्यापासून साधारण दोन तृतीयांश आवर्तनात मूळ अणूवर येऊन आदळतो. वाटेत कमावलेली सगळी ऊर्जा तो तेव्हा एकाच फोटॉनच्या रूपाने टाकतो. आरगॉनच्या बाबतीत या फोटॉनची ऊर्जा ५४ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे एकक) जाते, म्हणजे मूळ फोटॉनच्या सुमारे ३५ पट. आदळण्याचा हा क्षण आवर्तनाचा अगदी लहानसा भाग असल्याने प्रकाशही तेवढाच वेळ निघतो. तीव्रतेचे खरे काम इलेक्ट्रॉनला आवर्तनाच्या तालाला जखडण्याचे आहे.

अ‍ॅन लुइलिए या भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८७ साली फ्रान्समध्ये वायूतून अशा उच्च हार्मोनिकांची, म्हणजे मूळ लेसरच्या वारंवारतेच्या पटींतल्या प्रकाशाची, लांबलचक, जवळजवळ सारख्या उंचीची रांग दिसली होती. इलेक्ट्रॉनच्या या फेरीचे चित्र मात्र १९९३ साली स्पष्ट झाले.

शून्यकाल : वरील उत्तरात एक भर घालतो, कारण इथेच अनेकांचा घोटाळा होतो. ही टक्कर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला होते, त्यामुळे एकटा स्पंद न मिळता स्पंदांची माळ मिळते, आणि वर्णपटात फक्त विषम हार्मोनिके दिसतात. २००१ साली पिएर आगोस्तिनी यांच्या गटाने २५० अ‍ॅटोसेकंदांच्या स्पंदांची अशी माळच मोजली. त्याच वर्षी फेरेन्क क्राउस यांच्या गटाने ६५० अ‍ॅटोसेकंदांचा सुटा स्पंद वेगळा काढला. त्यासाठी मुळातला लेसर-स्पंदच जेमतेम दोन-तीन आवर्तनांचा लागतो.

जिज्ञासू : चित्र आता स्वच्छ झाले. पण मग तीव्रता आणखी शंभर पट का वाढवू नये?

तरंगयात्री : कारण तेवढ्या तीव्रतेला स्पंदाचे शिखर येण्याआधीच वायूचे जवळजवळ पूर्ण आयनीभवन होते, म्हणजे जवळजवळ सगळ्या अणूंतून इलेक्ट्रॉन निघून जातात, आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे लेसर व हार्मोनिके यांची कला (तरंगांच्या चढउतारांची वेळ) जुळेनाशी होते; वेगवेगळ्या अणूंचा प्रकाश मग एकमेकांना खोडतो. त्यापेक्षा तरंगलांबी वाढवणे शहाणपणाचे, कारण इलेक्ट्रॉनची कमाई तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०१७ साली झुरिचमध्ये मिळालेला ४३ अ‍ॅटोसेकंदांचा स्पंद सुमारे १.८ मायक्रोमीटरच्या लेसरने काढलेला होता. तोटा असा, की इलेक्ट्रॉन जितका जास्त वेळ बाहेर फिरतो तितका तो पसरतो आणि नेमका अणूवर येऊन आदळण्याची शक्यता झपाट्याने घसरते. आधीच लेसरच्या ऊर्जेचा लाखावा हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ म्हणायचा. त्यात ही घट प्रयोग करणाऱ्याला चांगलीच जाणवते.