मदत हवी आहे: चीगाँग या संथ हालचालींच्या चिनी व्यायामात उभं राहताना गुडघा दुखतो
नमस्कार मंडळी, मी सध्या शांघायला असते, घराजवळच्या बागेत रोज सकाळी तिथल्या आज्यांसोबत बादुआनजिन करते, म्हणजे चीगाँगचे ते ८ प्रकार, दोन्ही हातांनी आभाळ पेलण्यापासून सुरू आणि शेवटी ७ वेळा टाचा उचलून खाली सोडायच्या. चार महिन्यांत झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, खरंच मनापासून आवडतंय.
पण नंतर झाडाला मिठी मारल्यासारखे हात धरून नुसतं उभं राहायचं असतं ना, झान झुआंग, त्यात ५ मिनिटांतच मांड्या थरथरतात आणि उजवा गुडघा दुखतो. लक्ष बेंबीखाली दानतियनवर (चीगाँगमध्ये मानतात ते शक्तीचं केंद्र) ठेवायचं म्हणतात, ते गुडघ्यामुळे टिकतच नाही. गुडघे नक्की किती वाकवायचे? श्वास प्राणायामासारखा मोजायचा की आपोआप येऊ द्यायचा? भाषेमुळे तिथे नीट विचारता येत नाही, कुणी करत असेल तर प्लीज सांगा