मदत हवी आहे: नव्या टीव्हीवर जुन्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर) होम थिएटरचे मागचे स्पीकर वाजत नाहीत

नादखुळा: नवा टीव्ही आल्यापासून होम थिएटरचा आवाज पार बसलाय. मागचे दोन आणि मधला स्पीकर चिडीचूप. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पार्श्वसंगीताने भिंती हादरतात. वायरी तपासून झाल्या. लवकर सांगा, घरात रोज कुरकुर चालू आहे.

रिमोटवाला: टीव्हीला कशाने जोडलाय? एवढ्यावर काय सांगणार?

खर्जातला: साउंडबार घ्या, विषय संपला. यामाहाचा वायएसपी-१ आला २००४ साली. तेव्हापासून एकाच पट्टीतून आवाजाचे झोत भिंतींवर आपटवून सराउंड, म्हणजे चोहोबाजूंनी येणारा आवाज, मिळतोय. आता तर छतावरूनही आवाज येतो.

नादखुळा: साउंडबार नकोय. सेट उत्तम आहे, त्यातच डीव्हीडी लावली की सगळे स्पीकर खणखणीत वाजतात. टीव्हीला ती टोकाशी लाल उजेड दिसणारी केबल लावली आहे.

रिमोटवाला: हे आधी सांगायचं ना! म्हणजे स्पीकर, वायरी, ॲम्प (ॲम्प्लिफायर) सगळं ठणठणीत आहे. केबल ऑप्टिकल आहे. तिच्यातून पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, फक्त दोन चॅनलचा जातो. ५.१ हवं तर टीव्हीने डॉल्बी डिजिटल, म्हणजे सगळे चॅनल दाबून एकत्र केलेला आवाज, पाठवायला हवं. साउंडच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट बघा.

कानसेन: ऑप्टिकल कशाला? एचडीएमआय एआरसी वापरा, एचडीएमआय केबलनेच टीव्हीचा आवाज सेटकडे परत जातो.

रिमोटवाला: सेटला ते असेल तर ना. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, सेट त्याआधीचा असला तर त्यात ते नसणारच.

स्वरमंडल: स्पीकर ठेवा, सेटचा डीव्हीडी-ॲम्पचा डबा काढा, चांगला एव्ही रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा वेगळा ॲम्प) घ्या.

खर्जातला: असला सल्ला देऊ नका. या सेटांचे स्पीकर बऱ्याचदा ३-४ ओहमचे, म्हणजे कमी रोधाचे असतात, त्यामुळे जास्त करंट जाऊन रिसीव्हर तापतो. सबवूफरला स्वतःचा ॲम्पही नसतो. इवल्या स्पीकरना खर्ज झेपत नाही, तो वेगळा काढून सबवूफरला द्यायचं काम त्या डब्यातच होतं. डबा गेला की सगळंच गेलं.

स्वरमंडल: ओहम बघून घेतला तर काही होत नाही. आणि साउंडबारपेक्षा कधीही बरं!

निवांत: मागचे स्पीकर कानाच्या जरा वर लावा, समोरच्या मध्यापासून साधारण ११० अंशांवर. बरेच जण ते पार मागच्या भिंतीला चिकटवतात.

नादखुळा: जागेबद्दल विचारलंच नव्हतं. @रिमोटवाला, तिथे पीसीएमच होतं. डॉल्बी डिजिटल केलं, सेटच्या पट्टीवर अक्षरं बदलली आणि संवाद मधून स्पष्ट येऊ लागले. मनापासून आभार! पण जुन्या मालिका लावल्या की मागचे पुन्हा गप्प.

रिमोटवाला: त्यांचा आवाजच दोन चॅनलचा असणार. सेटच्या रिमोटवर प्रो लॉजिक आहे का बघा. असेल तर ते लावा, दोनातून मधला आणि मागचे काढून देतं.