कवच येईलच, पण यंत्रणा बंद असेल त्या सकाळी काय?

मनमाड_जंक्शन:

सिग्नल खात्यात नोकरी केली, म्हणून हा धागा काढतोय. हल्ली रेल्वे अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, तिथे कवच होतं का? कवच म्हणजे आपल्याकडे बनलेली यंत्रणा: रुळांमध्ये आरएफआयडी टॅग, स्टेशनात आणि इंजिनात संगणक, दोघांचं बोलणं रेडिओवर. लाल सिग्नल ओलांडू पाहणाऱ्या गाडीला ती स्वतः ब्रेक लावते. हवीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या अपघातांनंतर कवचाची सर्वांत जास्त चर्चा झाली त्यातले दोन बघा. एक सिग्नलचं काम चालू असताना झाला, दुसरा सिग्नल बंद असताना.

२ जून २०२३, बहानगा बाजार, बालासोर. कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) मात्र बाजूच्या लूप लाइनला लागलेला आणि लूपवर मालगाडी उभी. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघालं? फाटकाचं इलेक्ट्रिक बॅरियर बदलण्याचं काम सुरू होतं. सिग्नलच्या गुमटीतल्या, म्हणजे उपकरणांच्या छोट्या खोलीतल्या, सर्किटमध्ये पूर्वी केलेला बदलच चुकलेला होता आणि केबलच्या टोकांवरची नावं प्रत्यक्षाशी जुळत नव्हती. लोको पायलट ताशी १२८ किलोमीटरच्या वेगाने नियमात चालला होता. कवच असतं तर त्यालाही इंटरलॉकिंगने, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेने, हिरवाच कळवला असता. वर्षभर आधी, १६ मे २०२२ ला, त्याच खरगपूर विभागात बांकरा नयाबाजला चुकीच्या वायरिंगचाच प्रकार घडला होता. तेव्हाच चुकीच्या वायरिंगवर उपाय केले असते तर बालासोर टळलं असतं, असं चौकशी अहवालच सांगतो.

दुसरा १७ जून २०२४ चा, पश्चिम बंगालमधल्या रंगापाणीजवळचा. पहाटेपासून ऑटोमॅटिक सिग्नल बंद. स्टेशन मास्तर गाड्यांना टी/ए ९१२ नावाचा कागद देत होता, म्हणजे बंद सिग्नल लाल असतानाही ओलांडायची लेखी परवानगी. किती वेगाने जायचं ते त्या कागदावर नव्हतं. नियम असा की दिवसा प्रत्येक बंद सिग्नलपाशी एक मिनिट थांबायचं आणि पुढे ताशी १५ किलोमीटरच्या वर जायचं नाही. त्या सकाळी हा नियम पाळला तो कांचनजंगा एक्सप्रेसने, आणि तिलाच मागून मालगाडीने धडक दिली. मालगाडीचा लोको पायलट वारला आणि पहिल्याच दिवशी दोष त्याच्या माथी मारला गेला. चौकशीत मात्र प्रशिक्षणातली उणीव समोर आली.

यंत्र बंद पडल्यावर काय करायचं याची तालीम कुठे होते? नवीन यंत्राच्या टेंडरइतकीच मला तिची काळजी आहे.

पुण्याचा_प्रोग्रॅमर:

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष उलटा काढताय. रंगापाणीला घात केला तो कागदाने. ज्या परवानगीवर वेग लिहायचा राहू शकतो ती परवानगीच चुकीची. तीच परवानगी यंत्रणेतून इंजिनात गेली आणि १५ ची मर्यादा ब्रेकला जोडली, तर कोणाला काय शिकवलं होतं यावर जीव अवलंबून राहत नाही.

२९ ऑक्टोबर २०२३ चा विजयनगरमचा अपघात तुम्ही धरलाच नाही. कंटकापल्लीला एका पॅसेंजरवर मागून दुसरी आदळली, १४ जण गेले. सिग्नल ओलांडून पुढे गेलेली गाडी थांबवणं हेच कवचाचं काम. जुलै २०२० मध्ये ते राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलं. त्यानंतर किती वर्षं ते दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटरवरच होतं! आपलं जाळं ६८ हजार किलोमीटरच्या वरचं. आवृत्ती ४.० ला जुलै २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, कोटा-मथुरा टप्पा २०२५ मध्ये सुरू झाला. हा वेग मला छळतो. 'आधी माणसं तयार करा' हे वाक्य दर अपघातानंतर ऐकू येतं आणि त्याच्या आडून खर्च पुढे ढकलला जातो.

सलग रात्रपाळ्या केलेल्या माणसाची डुलकी प्रशिक्षणाने थांबत नाही.

सावंतवाडी_रोड:

कोकण रेल्वेवरचा माणूस म्हणून मध्ये बोलतो. टक्कर टाळणारं यंत्र आमच्याकडे कवचाच्या कितीतरी आधी झालं होतं. कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांनी ते आणलं, पुढे ईशान्य सीमांत रेल्वेवर बसवलंसुद्धा. अडलं कुठे, तर ते जीपीएसवर चालायचं आणि स्टेशनात शेजारच्या रुळावर गाडी आहे की आपल्याच, हे जीपीएसला खात्रीने सांगता येईना. रुळात टॅग बसवण्याचं महत्त्व त्यातूनच लक्षात येतं. म्हणजे पहिलं यंत्र फसलं म्हणून कोणी विचार सोडला नाही, हे मनमाडवाल्यांनीही मान्य करावं.

पण पुणेकर, २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ जो अपघात झाला आणि १६ जून २००४ ला महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला जो झाला, त्यांत सिग्नलचा काही दोष नव्हता. दरड रुळावर आली होती. त्यानंतर जाळ्या लागल्या, पावसाळ्यात वेग उतरवणारं वेगळं वेळापत्रक आलं, आणि आजही डोंगर कापून काढलेल्या कटिंगमधून गस्तीवाला रात्री दिवा घेऊन पायी फिरतो. कवचाला दगड दिसत नाही. त्या गस्तीवाल्याची जागा रिकामी राहिली तर कुठलं सॉफ्टवेअर भरून काढणार?

कर्जत_स्लो:

मी रोज लोकलने जाणारी बाई. आमच्या लोकलला लाल सिग्नलवर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कित्येक वर्षं आहे, त्यामुळे आमचं दुखणं टकरीचं कमी, गर्दीचं जास्त. ९ जून २०२५ ला मुंब्र्याला माणसं दारातून पडली, काहींचा जीव गेला. नव्या सिग्नल यंत्रणेने दोन गाड्यांमधलं अंतर ३ मिनिटांवरून २ वर येईल असं सांगतात. यायलाच हवं. पण दिवा स्टेशनजवळचं फाटक उघडलं की मागच्या गाड्या खोळंबतात, आणि आमच्याच रुळांवर लांब पल्ल्याच्या गाड्याही घुसवतात. फाटकाच्या जागी पूल होत नाही तोवर ती २ मिनिटं कागदावरच राहणार. पुणेकरदादा, या कामाचा पैसा तुमच्या हिशोबात कुठे आहे?

मनमाड_जंक्शन:

पुणेकर, खर्च पुढे ढकला असं मी कुठेही म्हटलेलं नाही. विजयनगरमबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे कवच हवं होतं.

पण रिले रूमच्या, म्हणजे सिग्नलची उपकरणं असलेल्या खोलीच्या, दाराशी काय चालतं ते सांगतो. दाराला दोन कुलपं, एक किल्ली मास्तरकडे, दुसरी सिग्नल मेंटेनरकडे. दोघे आल्याशिवाय दार उघडायचं नाही. कामाआधी डिस्कनेक्शन मेमो, म्हणजे सिग्नल कामासाठी तोडल्याची लेखी नोंद, काम झालं की तो पुन्हा जोडल्याचा रिकनेक्शन मेमो. मधली पायरी सगळ्यांत महत्त्वाची, करस्पॉन्डन्स टेस्ट. एकाने पॉइंटपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने पॅनेलपाशी, आणि पॅनेल जे दाखवतंय तेच रुळावर आहे का, ते प्रत्येक पॉइंटसाठी ताडून बघायचं. याला वेळ लागतो. तेवढ्यात गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन येतो, मागे दोन गाड्या उभ्या आहेत, कधी देताय? असा फोन वाजत असताना टेस्ट अर्धवट टाकून मेमोवर सही केलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. कवच आलं तर काम दुप्पट होईल, कारण तपासायला टॅग, टॉवर आणि इंजिनातला डबासुद्धा असेल. ते तपासायला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, मिळणार आहे का?

पुण्याचा_प्रोग्रॅमर:

हा मुद्दा मला पटतो, पण उत्तर मी पुन्हा यंत्रातच शोधणार. डेटा लॉगर तुमच्याकडे आहेच ना? कुठला रिले कधी पडला, कधी उठला, सगळं त्यात नोंदलं जातं. मग टेस्ट पूर्ण झाल्याची नोंद लॉगरला दिसल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच नये, असं इंटरलॉकिंगमध्येच बांधा. म्हणजे फोन कोणाचाही येवो, सही करून भागणार नाही.

यंत्र चुकूच शकत नाही असं मीही म्हणत नाही. चीनमध्ये वनचौला २३ जुलै २०११ ला वीज पडून सिग्नलचं उपकरण बिघडलं आणि डिझाइनमधल्या चुकीमुळे पुढे गाडी उभी असताना सिग्नल हिरवा राहिला. ४० माणसं गेली. बिघडल्यावर यंत्र लालकडेच झुकलं पाहिजे, हे त्यातून शिकायचं. तिथेही मुख्य दोष यंत्र बनवणाऱ्यांचा होता, मेमो घेऊन धावणाऱ्याचा नव्हे.

मनमाड_जंक्शन:

बांधा की, मी पहिला सही करीन. पण लॉगर दिवसाला इतके अलार्म देतो की त्यातला खरा कुठला हे बघायला माणूस लागतो, आणि ती खुर्ची बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच कामातल्या माणसाकडे असते. दुसरं, तुमचं यंत्र टेस्टसाठी गाडी वीस मिनिटं अडवेल. मग वक्तशीरपणाचा आकडा घसरेल आणि जाब विचारला जाईल मेंटेनरला. हे बदलायचं कोणी?

कर्जत_स्लो:

टेस्टसाठी वीस मिनिटं थांबवा, आम्ही थांबू. फक्त 'तांत्रिक बिघाड' एवढंच सांगून मोकळे होऊ नका. सिग्नलची तपासणी चालू आहे, असं स्टेशनवर खरं खरं सांगा. मग त्या मेंटेनरवर ओरडायला निघालेल्यांना प्लॅटफॉर्मवर आम्हीच गप्प करू.

पुण्याचा_प्रोग्रॅमर:

ताई, ती घोषणा टेस्ट सुरू होताच आपोआप करता येईल. काका, वक्तशीरपणाच्या हिशोबातून ती वीस मिनिटं वगळायची असतील तर नियम कुठल्या पातळीवर बदलावा लागेल, विभागाच्या की रेल्वे बोर्डाच्या? ते सांगा, पत्राचा मसुदा मी लिहितो.