गाडी थांबेल तेवढीच भेट : तुमचेही अनुभव सांगा

काल माळा आवरताना स्टीलचा डबा सापडला, झाकणावर मैत्रिणीच्या सासरचं नाव कोरलेलं. परत द्यायचाच राहिला. माझं माहेर सांगली, सासर नागपूर, ती दिली भुसावळला. वर्षातून एकदा महाराष्ट्र एक्सप्रेसने जायचे. मोबाईल नव्हते, रिझर्वेशन झालं की मी पत्रात बोगी नंबर कळवायचे, आणि ही सकाळी कडेवर पोरगं नि हातात डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर हजर. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा. एकदा गाडी चार तास लेट, तरी बसून होती बाई, पोराला ताप होता त्या दिवशी ते तिने नंतर पत्रात लिहिलं. गाडी हलली की खिडकीची सळई धरून चालत यायची. तुम्ही कोणासाठी असं केलंय, कोणी तुमच्यासाठी केलंय?

*

वाचून रडू आलं गं ताई

*

आम्ही चौघी, लातूर, बार्शी, सोलापूर, सांगोला. मार्च 2023 ला एसटीत बायकांना हाफ तिकीट झालं तेव्हापासून दर दोन महिन्यांनी पंढरपूर. आधी दोन-दोन वर्षं भेट नसायची, घरी पैसे मागायला नको वाटायचं ना. दर्शन करतो आणि मग वाळवंटात बसतो, शेवटची गाडी असेपर्यंत. कुकर लावायचाय, नंतर लिहिते

*

कळण्याला उडीद किती घालायचे? माझी भाकरी थापताना तुटते

*

चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद, दळतानाच जाडं मीठ. पीठ चांगलं मळा

*

बाबा गेले तेव्हा पावसाळा होता. मित्र भामरागडला मास्तर, पर्लकोटेला पूर, पुलावरून पाणी, रस्ता बंद. फोन लागत नव्हता, निरोप कसा मिळाला देव जाणे. पाणी उतरल्यावर निघाला, आमच्याकडे अलिबागला पोचला तोवर तेरावं होऊन गेलेलं, पाहुणे गेलेले. काही बोलला नाही. मला बाबांच्या कपाटाला हात लावायची हिंमत होत नव्हती, त्याने एकेक शर्ट घडी करून दिला. दोन दिवस राहिला, परत तेवढाच प्रवास.

*

दादा 🙏

*

ताई तो डबा परत दिलात का मग?

*

नाही गं, ती आता जळगावला मुलाकडे असते, गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाही. पुढच्या महिन्यात मीच उतरणार आहे जळगावला. रिकामा कसा नेऊ, काय करून नेऊ सांगा, सांगलीहून नागपूरकडे निघालेय म्हणजे एक रात्र टिकायला हवं

*

दशम्या न्या. दुधातल्या. आणि शेंगदाण्याची चटणी