अनुभव धागा: संशोधनाच्या कामाला हलका आणि स्वस्त लॅपटॉप, सोलापूरकर काय वापरतात?

केगावकर
धाकटी बहीण यंदा विद्यापीठात एम.एस्सी.ला लागली. मोहोळहून एसटीने रोजची ये-जा, पाठीवर सॅक, बजेट तीस-पस्तीस हजार. दुकानात गेलं की प्रोसेसरचं नाव ऐकवतात, यूट्यूबवर गेलं की गेमिंग. संशोधनाचं कोणीच बोलत नाही. म्हणून हा धागा. नव्या मॉडेलांच्या याद्या नकोत. काम काय केलंत आणि मशीन कुठे टिकलं, कुठे रडलं, ते लिहा. वजन लिहाल तर चार्जरसकट लिहा.

माळरान
माझं काम नान्नजच्या गवताळ माळावर, गवतांच्या जाती आणि चराई. (माळढोक दिसला का, हे विचारू नका. सगळे तेच विचारतात.)

आमच्या विभागात एकीने नवाकोरा, सव्वा किलोचा, अगदी स्वस्त लॅपटॉप आणला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीऐवजी असणारी स्वस्त साठवण). दिसायला सुंदर. विंडोजचं मोठं अपडेट आलं की जागा संपायची, मग फोटो पेनड्राइव्हवर हलवा, अपडेट करा, परत आणा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंटिनेलचं उपग्रहचित्र उघडलं की चहा पिऊन यावं. आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर तर डेटा रॅममध्येच उचलतं, त्यामुळे ४ जीबीत मोठी फाइल चढतच नाही. वाढवावी म्हटलं तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आणि ईएमएमसीही तशीच. म्हणजे घेतला त्या दिवशी जे होतं तेच कायमचं.

मी सेकंडहँड १४ इंची बिझनेस लॅपटॉप घेतला, आठव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर. आधी ८ जीबी होती, पुढे दुसऱ्या स्लॉटमध्ये ८ घातली. वजन दीड किलोच्या वर, चार्जर धरून दोन. माळावर नेत नाही. तिथे वही आणि फोनवरचं जीपीएस पुरतं. हलकेपणासाठी रॅम सोडू नका, एवढंच म्हणेन.

मदरबोर्ड
नवी पेठेत दुरुस्तीचं काम आहे माझं, म्हणून थोडं धंद्याचं सांगतो. कंपन्यांतून तीन-चार वर्षं वापरून निघालेले लॅपटॉप मुंबई-पुण्याहून लॉटने येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक. बॉडी मजबूत, कीबोर्ड चांगला, पार्ट मिळतात. पण ‘ए ग्रेड’ या स्टिकरवर जाऊ नका, ते स्टिकर आमच्याच गल्लीत छापून मिळतं.

सगळ्यात आधी प्रोसेसरची पिढी बघा. सहाव्या-सातव्या पिढीचा माल आता फार स्वस्त झालाय, कारण विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकणार असाल तर तो माल सोनं आहे. विंडोजच हवं असेल तर हात लावू नका.

मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारी मशीनची मूळ सेटिंग, उघडून दाखवायला सांगा. जुन्या कंपनीचा पासवर्ड निघाला तर मशीन परत द्या, काढून देतो म्हणाले तरी. बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता दोन्ही दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. बिजागरी हळू उघडून आवाज ऐका. पांढरा आणि काळा असा पूर्ण स्क्रीन लावून ठिपके बघा.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात पत्र्याची खोली, त्यात लॅपटॉप गादीवर आणि चार्जर दिवसभर लावलेला. अशा फुगलेल्या बॅटऱ्या माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक बिझनेस मॉडेलांत असते, ती चालू करा. गिऱ्हाइकाला सांगितलं की म्हणतं, “काय करलालाव बे, शंभर टक्के नको होय?” नको!

भीमाकाठ
शिलालेख आणि वीरगळ हा माझा विषय. हत्तरसंग-कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख आहे, माहीत असेलच. झिजलेल्या अक्षरांचे फोटो बाजूने तिरपा उजेड टाकून काढावे लागतात आणि फोकस चुकला तर तिथेच कळायला हवं, घरी येऊन नाही. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

म्हणून मला लागल्या दोन गोष्टी, ज्या कोणी सांगितल्या नव्हत्या. एक, एसडी कार्डाची खाच. पातळ करण्याच्या नादात हीच आधी जाते, मग अडॅप्टर शोधत बसा. दुसरी, पडद्याचा उजेड. स्वस्त लॅपटॉपला २५० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास असतो. देवळाच्या सभामंडपात चालतो, उन्हात फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. मी मंडपातच बसते. फोटोंपासून त्रिमितीय प्रतिकृती करायचं जड काम विभागातल्या डेस्कटॉपवर रात्रभर लावून देते.

पूर्वभाग
मी हातमाग आणि यंत्रमागावर काम केलेल्या ज्येष्ठांच्या मुलाखती घेतो. मुलाखती बऱ्याचदा तेलुगूत, प्रबंध मराठीत. म्हणजे ऐका, थांबवा, टाइप करा, मागे जा, परत ऐका. मला प्रोसेसर नको, कीबोर्ड हवा.

जुना थिंकपॅड एक्स२७० घेतला, वर आला त्या सातव्या पिढीचाच. लिनक्स मिंट टाकलं. देवनागरी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो, काही उतरवावं लागत नाही. याला दोन बॅटऱ्या: एक आत, एक मागे. आतली चालू असताना मागची काढून दुसरी लावता येते, लॅपटॉप बंद होत नाही. आजोबा एकदा मिलच्या आठवणींत शिरले की प्लग शोधायला उठणं बरं दिसत नाही.

अडचणही सांगतो. गाइड मॅडम वर्डमध्ये शेरे लिहून पाठवतात, लिब्रेऑफिसमध्ये ते उघडतात पण मांडणी हलते. आणि विभागाचे जुने मसुदे युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये, त्यांचं रूपांतर केलं की जोडाक्षरं तपासावीच लागतात. शेवटचा हात मित्राच्या विंडोजवर फिरवतो.

शून्य_एक
संगणकशास्त्रवाले ग्राफिक्स कार्डाशिवाय जगत नाहीत असं घरच्यांना वाटतं. मी ८ जीबीच्या साध्या लॅपटॉपवर न्यूरल नेटवर्कचं काम करतोय. मॉडेल कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन संगणकावर चालतं. फुकटात जास्तीत जास्त १२ तास, तेही मिळतीलच असं नाही, म्हणून दर थोड्या वेळाने चेकपॉइंट (मॉडेलच्या तोवरच्या प्रती) गूगल ड्राइव्हवर टाकायचे. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढे, वर विटेएवढा चार्जर. रोज कोण उचलणार?

उधारीवर
माझं मत उलटं. मामांकडून उसने घेऊन ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर घेतला, सेलमध्ये. १.२९ किलो, पंखाच नाही, सकाळी विद्यापीठात नेला की चार्जर घरीच. रॅम ८, वाढत नाही, मान्य. पण माझं काम वाचन, झोटेरो (संदर्भ जपायला) आणि लाटेक (प्रबंध मांडायला). आर्कजीआयएस प्रो हे नकाशांचं सॉफ्टवेअर लागणाऱ्यांनी मात्र इकडे वळू नये, ते मॅकवर नाही. प्रोजेक्टरसाठी डाँगल सॅकमध्ये कायम ठेवा.

केगावकर
बहिणीचा विषय वनस्पतिशास्त्र, म्हणजे माळरान यांचंच गाव. ‘मदरबोर्ड’दादा, आठव्या पिढीतच साडेबारा इंची घ्यावा की चौदा? साडेबारा हलका आहे.

मदरबोर्ड
आधी रॅमचे स्लॉट बघा. थिंकपॅड एक्स२८० दिसायला मस्त, हलका, पण त्याची रॅम सोल्डर आहे. घेणार असाल तर १६ जीबीवालाच बघा, ८चा नको. क्यूजीआयएसचे नकाशे साडेबारा इंचावर डोळ्यांवर येतात, घरी मॉनिटर असेल तर वेगळं. मी चौदाच सुचवेन. येताना बहिणीलाच घेऊन या, तिची सॅक पण आणा. दोन्ही मॉडेलं चार्जरसकट आत घालून पेठेतून एक चक्कर मारू दे तिला, मग भावाचं बोलू.