१२ प्रकारांचं मोठं रिव्हर्ब पेडल, २ प्रकारांची पेटी, की सरळ रॅक?

षड्ज

महाग रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं यंत्र) घ्यायचा ठरला की बहुतेक जण आधी त्यातले घुमाऱ्याचे प्रकार मोजतात. स्ट्रायमनच्या बिगस्कायमध्ये १२, इव्हेंटाइडच्या स्पेसमध्ये १२, बॉसच्या आरव्ही-५०० मध्येही १२. शेजारी मेरिसचं मर्क्युरी ७ ठेवलं तर त्यात फक्त २ : अल्ट्राप्लेट आणि कॅथेड्रा. कागदावर सामना एकतर्फी वाटतो. मला मात्र मर्क्युरी ७ किंवा चेस ब्लिसचं सीएक्सएम १९७८ अशी मोजक्याच गोष्टी करणारी पेटी जास्त पटते.

महाग रिव्हर्बमध्ये पैसे जातात ते शेपटीसाठी. सूर थांबल्यावर मागे राहणारा घुमारा किती दाट आहे, विझताना त्याचा रंग कसा बदलतो आणि शेवटी पत्र्यासारखा वाजतो का, हेच बघायचं. ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की घुमारा नैसर्गिक वाटायला सेकंदाला साधारण १००० प्रतिध्वनी हवेत. टाळीसारख्या टोकदार आवाजाला तेवढेही पुरत नाहीत.

दुकानात तपासायचं तर असं करा. मिक्स (घुमाऱ्याचं प्रमाण) १००%, डिके (विझायचा वेळ) ८ ते १० सेकंद, मॉड्युलेशन (घुमाऱ्यात मुद्दाम घातलेली हालचाल) शून्य. सगळ्या तारा तळहाताने दाबून पिकचा एकच फटका मारा. पहिल्या अर्ध्या सेकंदात वेगवेगळे 'टिक-टिक' ऐकू आले तर दाटी कमी आहे. शेवटच्या ३ सेकंदांत एखादा ठरावीक सूर शिट्टीसारखा उरला तर अल्गोरिदमला (घुमारा बनवणाऱ्या गणिताला) तिथे अनुनाद आहे, आणि तो सूर तुमच्या प्रत्येक गाण्यात डोकावणार. मग मॉड्युलेशन अर्ध्यावर आणून एकच सूर लांब धरा. शिट्टी गेली पण सूर डगमगायला लागला, तर दोष गेलेला नाही, झाकला गेला आहे.

या कसोटीवर २ उत्तम अल्गोरिदम मला १२ बऱ्यांपेक्षा मोलाचे वाटतात. सीएक्सएमचं उदाहरण घ्या. १९७८ च्या लेक्सिकॉन २२४ वर बेतलेली पेटी. खर्जाचा डिके वेगळा, मध्याचा वेगळा आणि ते दोन कुठे विभागायचे यासाठी क्रॉसओव्हरचा स्वतंत्र फेडर (सरकवायचं बटण). खर्ज दीड सेकंदात विझवून मधला भाग ४ सेकंद चालू ठेवता येतो. हा ताबा मला प्रकारांच्या लांबलचक यादीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

सहा_तारा

कसोटी चांगली आहे, निष्कर्ष पटला नाही.

प्लेट (पत्रा), स्प्रिंग आणि हॉल (सभागृह) या घुमाऱ्यांमागचं भौतिकशास्त्रच वेगळं आहे. पोलादी पत्र्यात वरच्या पट्टीच्या लहरी खालच्यांपेक्षा वेगाने धावतात. म्हणून प्लेटचा आवाज सुरुवातीपासूनच उजळ आणि भरलेला लागतो. स्प्रिंगमध्ये उलट. साधारण ४ किलोहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात खर्ज आधी पोहोचतो, वरचं मागून येतं. स्प्रिंगचा तो 'ट्विप्' असा थेंबासारखा आवाज त्यातूनच जन्मतो. अल्ट्राप्लेटवर जन्मभर नॉब फिरवत बसलात तरी तो मिळणार नाही. बिगस्कायच्या स्प्रिंगमध्ये १, २ की ३ स्प्रिंग हेही निवडता येतं, शिवाय ड्वेल वाढवून इनपुटला जोर देता येतो. ट्रेमोलोसोबत वाजणाऱ्या गिटारीला हेच लागतं.

दुसरी अडचण मंचावरची. मर्क्युरी ७ वर एका गाण्याची सेटिंग मोडून दुसरी थेट पायाने निवडता येत नाही. प्रीसेट (साठवलेल्या सेटिंग्ज) आहेत, पण त्यांच्यापर्यंत जायला मिडी (उपकरणांना आज्ञा पाठवायची पद्धत) किंवा वेगळी ४ बटणांची पेटी हवी. दोन गाण्यांमधल्या ५ सेकंदांत वाकून ६ नॉब जुळवणं हा काही उपाय नव्हे. बिगस्कायमध्ये ३०० प्रीसेट आहेत आणि बँकेतले (प्रीसेटच्या गटातले) ३ कायम पायाशी.

मिडीवरून चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्रोग्रॅम चेंजमध्ये (प्रीसेट बदलायच्या आज्ञेत) ० ते १२७ एवढेच आकडे मावतात. त्यापुढच्या प्रीसेटसाठी आधी बँक सिलेक्ट (सीसी ०) पाठवा, मग प्रोग्रॅम चेंज. क्रम चुकला की भलत्याच बँकेतला प्रीसेट उघडतो आणि लोक पेडल बिघडलं असं समजतात.

मिक्सरमागे

तुम्ही दोघंही वाद्याजवळ उभं राहून बोलताय. समोर श्रोत्यांपर्यंत काय पोहोचतं?

ज्या सभागृहाचा स्वतःचा घुमारा २ सेकंदांचा आहे, तिथे पेडलमधून ४ सेकंदांचा हॉल पाठवला तर श्रोत्यांना चिखल ऐकू येतो. शेपटीची दाटी, शेवटचे ३ सेकंद, अनुनाद, सगळं त्यात बुडून जातं. उरतात तीन गोष्टी : प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा थांबा), लो-कट (खर्ज कापणं) आणि मिक्स.

प्री-डिले अंदाजाने लावू नका. ६०,००० ला टेम्पोने भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० च्या लयीत ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचा आठवा भाग ६२.५, सोळावा ३१.२५. गिटारीला बहुधा या दोनांतला एक चालतो. सुराचा आघात मोकळा राहतो आणि घुमारा त्याच्या मागून येतो. डिके एका आवर्तनाच्या आत ठेवा, म्हणजे याच लयीत ४ ठोक्यांचे २ सेकंद. सभागृह जास्त घुमणारं असेल तर त्याच्या निम्मा.

लो-कट १५० ते २०० हर्ट्झवर. गिटारीची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. तिचा मूळ सूर ड्रायमध्ये (घुमारा नसलेल्या आवाजात) राहू दे, शेपटीत नको. शेपटीतला खर्ज बास आणि किकच्या अंगावर येतो, मग बासवाला आवाज वाढवतो आणि तिथून सगळा तोल जातो.

हे तिन्ही नीट देणारं कुठलंही पेडल मला चालेल. सगळ्या वाद्यांना मिळून एकच घुमारा द्यायचा असेल तर ब्रिकास्टी एम७ सारखा रॅक (चौकटीत बसवायचं स्टुडिओचं यंत्र) मिक्सरच्या ऑक्सवर (बाहेर पाठवायच्या वेगळ्या वाटेवर) लावणं सर्वांत स्वच्छ. ऑक्स पोस्ट-फेडर (चॅनेलच्या फेडरनंतर), रॅक १००% वेट (नुसता घुमारा). एवढं मात्र बघा की रिटर्नच्या चॅनेलवर तोच ऑक्स वर उचललेला नको. राहिला तर घुमारा स्वतःलाच परत जातो आणि काही सेकंदांत बोंब सुरू होते.

सहा_तारा

@मिक्सरमागे, ब्रिकास्टीचं नाव आलं की चर्चा संपते असं समजू नका. त्याचं अ‍ॅनालॉग इनपुट बॅलन्स्ड एक्सएलआर, लाइन लेव्हलचं. गिटार थेट जोडली तर पिकअपवर भार पडून वरची पट्टी मरते आणि सिग्नलही फार लहान राहतो. अ‍ॅम्पच्या पुढच्या तोंडाशी तर त्याला जागाच नाही. शिवाय ज्यांच्या वाजवण्यातच घुमारा आहे, म्हणजे स्वेल (हळूहळू वाढवलेला सूर), शिमर (वरच्या सप्तकाचा घुमारा), व्हॉल्यूम पेडलने फुलवलेले लांब सूर, त्यांनी घुमाऱ्याचा ताबा मिक्सरमागच्या माणसाच्या हाती द्यायचा? वादकाला जे ऐकू येतं त्यावरच तो पुढचा सूर ठरवतो.

वायर_सोल्डर

प्रकार कितीही असोत, निम्म्या तक्रारींचं मूळ वीज आणि लेव्हल यांत असतं.

इव्हेंटाइड स्पेसला ९ व्होल्ट लागतात, पण मधली पिन धन, आणि प्लग २.५ मिमीचा. बाकी बहुतेक पेडल्सना मधली पिन ऋण, प्लग २.१ मिमी. म्हणजे स्पेससाठी ध्रुव उलटणारी वेगळी केबल करावी लागते. त्या केबलवर लाल टेप गुंडाळा, कारण तीच केबल चुकून दुसऱ्या पेडलला लागली तर त्याचा जीव जाऊ शकतो. बिगस्कायला ३०० मिलिअँपिअर हवेत, मर्क्युरी ७ ला १५०, बिगस्काय एमएक्सला ५००. १०० मिलिअँपिअरच्या आउटलेटवर यातलं काहीही धड चालणार नाही. नीट सुरू होत नाही किंवा मध्येच रीस्टार्ट होतं. दोन आउटलेट जोडून प्रवाह वाढवायचा तर ते दोन्ही आयसोलेटेड असायला हवेत आणि केबल समांतर जोडणीची. एकसर जोडणीची लावली तर १८ व्होल्ट जातील.

डेझी चेन (एकाच आउटलेटवर अनेक पेडल्स) डिजिटल रिव्हर्बला नकोच. प्रोसेसरच्या घड्याळाचा गोंगाट सामाईक ग्राउंडमधून ओव्हरड्राइव्हमध्ये (आवाज फाडणाऱ्या पेडलमध्ये) शिरतो आणि ओव्हरड्राइव्ह तो वाढवून देतो. बारीक, उंच 'ईंऽऽ' ऐकू येत असेल तर आधी रिव्हर्बला वेगळा आउटलेट द्या, मग पेडलला दोष द्या.

लेव्हलचंही तसंच. काही अ‍ॅम्पचा इफेक्ट्स लूप +४ डीबीयूच्या पातळीवर चालतो. पेडल -१० डीबीव्हीसाठी केलेलं असेल तर फरक जवळजवळ १२ डेसिबलचा. इनपुट क्लिप होतं (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन फाटतो) आणि जोरात वाजवलं की शेपटीत करकर येते. लूपवर पातळीचं बटण असेल तर ते खाली करा. मर्क्युरी ७ मध्ये इन्स्ट्रुमेंट आणि लाइन अशी निवड आहे, ती वापरा.

षड्ज

स्प्रिंगचं मान्य. स्प्रिंग हवा असेल तर अल्ट्राप्लेट त्याला पर्याय नाही, माझं वाक्य तेवढ्यापुरतं जास्तच रुंद झालं होतं.

पण @मिक्सरमागे, शेपटी सभागृहात बुडते म्हणून तिची प्रत गौण, हे पटत नाही. इन-इअर मॉनिटरवर (कानात घालायच्या स्पीकरवर) वाजवणाऱ्याला सभागृह जवळजवळ ऐकूच येत नाही, त्याच्या कानात पेडलचीच शेपटी असते. रेकॉर्डिंगमध्ये तर झाकायला दुसरं काहीच नसतं. आणि चांगल्या अल्गोरिदमचा फायदा छोट्या डिकेलाही दिसतो. १ सेकंदाच्या प्लेटवर स्टॅकाटो (तुटक सूर) वाजवा. दाटी कमी असेल तर प्रत्येक सुरामागे वाळू सांडल्यासारखं ऐकू येतं, तेही भर मंचावर.

काळी_पांढरी

कीबोर्डवाल्यांची बाजू कुणी मांडलेली नाही. आमच्याकडे सिग्नल स्टिरिओ आणि लाइन लेव्हलचा. बरीच पेडल्स स्टिरिओ इनपुट दाखवतात, पण आत डावं-उजवं एकत्र करून घुमारा बनवतात. पियानोचा खर्ज डावीकडे असेल तर त्याचा घुमारा दोन्हीकडे सारखाच येतो. तपासायला डाव्या इनपुटचीच केबल ठेवण्यात अर्थ नाही, कारण एकच केबल असली की पेडल बहुधा मोनोवर जातं. दोन्ही केबल लावून कीबोर्डचा पॅन पूर्ण डावीकडे न्या आणि घुमारा कुठून येतो ते ऐका.

प्रकारांच्या वादात माझं मत सहा_तारांकडे झुकतं, कारण वेगळं. आता बिगस्काय एमएक्समध्ये दोन रिव्हर्ब एकाच वेळी चालतात आणि कन्व्होल्यूशनही (जागेच्या ध्वनिनोंदीतून घुमारा बनवणं) आहे. म्हणजे खऱ्या जागेचा इम्पल्स (तिच्या घुमाऱ्याची नोंद) भरून पियानो त्या जागेत बसवता येतो. मेरिसच्या दोन अल्गोरिदममध्ये हे होणे नाही.

षड्ज

कन्व्होल्यूशन हे गोठवलेलं छायाचित्र आहे. जागा हुबेहूब मिळते, पण शेपटीत हालचाल नसते. खोलीसाठी उत्तम. १० सेकंदांच्या लांब पॅडला मात्र निर्जीव वाटतो, तिथे आतून सतत हलणारा अल्गोरिदमच लागतो. १९७६ चा ईएमटी २५० हा डिजिटल रिव्हर्ब आणि त्यामागून आलेला २२४ आजही अनुकरणाचे नमुने का आहेत, याचं एक मोठं कारण ही हालचाल.

मिक्सरमागे

इन-इअरचा मुद्दा मान्य, पण मग निदान वेट वेगळा पाठवा. गिटारीचा ड्राय एका चॅनेलवर, पेडल १००% वेट ठेवून दुसऱ्यावर. सभागृह जास्त घुमलं तर मी वेट खाली घेईन, तुमच्या कानात तो तितकाच राहील. दोघांचंही काम होतं.

आणि स्टिरिओ पेडलचे दोन्ही आउटपुट वाय-केबलने जोडून मोनो करू नका, हे हात जोडून सांगतो. दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात, शिवाय डाव्या-उजव्या शेपटीत जे विरुद्ध फेजमध्ये आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. घुमारा पातळ, पोकळ होतो. मोनो हवं तर फक्त डाव्या जॅकला केबल लावा.

वायर_सोल्डर

वेट वेगळा पाठवायचा किंवा समांतर लूप वापरायचा तर 'किल ड्राय' (पेडलमधला ड्राय पूर्ण बंद करणारी सेटिंग) चालू आहे ना ते बघा. नुसता मिक्स ९५% वर ठेवून भागत नाही. ज्या पेडलचा ड्राय डिजिटलमधून जातो, त्याचा उरलेला ५% ड्राय साधारण १ मिलिसेकंद उशिरा येऊन मूळ ड्रायमध्ये मिसळतो. त्या उशिराने ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ असे खड्डे पडतात. ५% ला ते उथळ असतात, मिक्स निम्म्यावर आला की गिटार नळीतून वाजल्यासारखी होते. बिगस्कायचा ड्राय अ‍ॅनालॉग आहे, तिथे उशीर नाही. पण ड्राय दोनदा गेला की आवाजाची पातळी वाढतेच, म्हणून किल ड्राय तिथेही हवा.

सहा_तारा

@षड्ज, प्रीसेट बदलताना शेपटी तुटते का, हे तुमच्या कसोटीत जोडा. सोर्स ऑडिओच्या व्हेंट्रिसमध्ये दोन स्वतंत्र प्रोसेसर आहेत. जुन्या प्रीसेटची शेपटी एकावर विझत राहते आणि नवा दुसऱ्यावर सुरू होतो. तपासायला डिके ६ सेकंदांवर ठेवा, एक कॉर्ड वाजवून लगेच प्रीसेट बदला आणि हात तारांवरून काढून घ्या. अल्ट्राप्लेट कितीही सुंदर असला तरी गाण्याच्या मध्यात तो एकदम कापला गेला, तर श्रोत्याला तेवढंच लक्षात राहतं.

षड्ज

जोडतो. पण बदलायचे प्रीसेटच दोन असतील, तर तेच काम मी एक्स्प्रेशन पेडलने (सेटिंग पायाने हळूहळू बदलणाऱ्या पेडलने) करीन. टाच खाली असताना डिके दीड सेकंद, मिक्स २०%. पंजा खाली असताना ५ सेकंद, ४५%. मधली प्रत्येक जागा वापरता येते आणि शेपटी कुठेच तुटत नाही. मर्क्युरी ७ ला एक्स्प्रेशनचं इनपुट आहे.